जिताड्याच्या पोटातली चिलापी

कोळ्याच्या घरात रोज वरण शिजवायचं म्हणजे काय ताप असतो, ते मला विचारा. माझ्या सासऱ्यांनी ठाण्याच्या खाडीत उभा जन्म जाळं टाकलं. ऐंशीनंतर कारखान्यांच्या पाण्याने खाडी काळी पडली आणि जिताडा, आमच्या खाडीचा मानाचा मासा, दिसेनासा झाला. लोक देवीला कोंबडं कबूल करतात. सासऱ्यांनी देवीपुढे मासाच सोडला. आपल्या खाडीत जिताडा परत येईल त्या दिवशीच तोंडाला मासा लावीन, म्हणाले. बाजारात बाहेरून आलेला जिताडा मिळायचा, तो चालणार नाही. नवस त्यांचा आणि दोन-दोन स्वयंपाक माझे. आम्ही सगळे बोंबील खायचो आणि सासरे बाजूला वांग्याची भाजी घेऊन बसायचे.

वर्षं गेली. त्यांची गालफडं बसली, घरातल्या घरात चालतानाही धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मासे खा, नाहीतर अंथरूण धराल." डॉक्टर स्वतः शुद्ध शाकाहारी, तरी त्यांना कळत होतं. सासऱ्यांना कोण सांगणार?

नव्वदनंतर काही कारखाने बंद पडले, पाणी जरासं निवळलं, आणि एका सकाळी माझ्या दिराच्या जाळ्यात हातभर जिताडा आला. आमच्याच खाडीतला. हा माणूस आता जगेल, असं मला वाटलं. एका स्वयंपाकातून सुटले हेही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण मोठा मासा कापताना त्याचं पोट उघडून बघायची आमच्यात रीत आहे. त्याने काय खाल्लंय, त्यावरून दुसऱ्या दिवशी जाळं कुठे टाकायचं ते ठरतं. ते काम सासऱ्यांचं. पूर्वी जिताड्याच्या पोटात कोळंबी निघायची, चिखलातल्या निवट्या निघायच्या. या वेळी निघाल्या चिलाप्या. चिलापी म्हणजे कुणीतरी तळ्यात सोडलेला आणि तिथून वाहत खाडीत आलेला परका मासा. घाण पाण्यातही मजेत वाढतो.

त्यांनी कोयती खाली ठेवली. "ह्यो आपला जिताडा नाय. आपला जिताडा असला कचरा खात नाय. मना नको."

"अहो बाबा, खाडीत कोळंबी उरलीय कुठे? भूक लागली, मिळालं ते खाल्लं त्याने."

"नको म्हनजे नको."

मी तरीही कालवण केलं आणि वाढलं. त्यांनी ताट सरकवलं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"बाबा, आज तुमचं पोट उघडलं तर वांगीच निघतील. मग तुम्ही कोळी नाही का?"

दीर खाली बघायला लागला. सासऱ्यांपुढे असं कुणी बोलत नाही, आणि मी तर सून. मग त्यांनी ताट ओढून घेतलं.

दुसऱ्याच घासाला ठसका लागला. काटा. जिताड्याला काटे ते किती, मोजकेच! आमच्याकडे लहान पोरसुद्धा बोलता बोलता जिभेने काटा बाजूला काढतं. हा खाडीचा माणूस डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकत होता. मी भाताचा गोळा गिळायला लावला, तेव्हा काटा उतरला.

"मासा खायाला इसारलू गो पोरी," ते म्हणाले.

मला राग आला. कारखान्यांचा, देवीचा, त्यांच्या हट्टाचा, सगळ्यांचाच. पुटपुटतच त्यांच्या ताटाशी बसले आणि एकेक काटा काढून त्यांना मासा भरवत राहिले.