तक्रार आली का?

"तक्रार आली का?" दारात चपला काढता काढता ते एवढंच विचारायचे. प्रश्न घरातल्या माणसांबद्दल नसायचा. कॉम्प्युटरबद्दल असायचा.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्या काळी तुम्ही नगरला असाल तर आठवेल. घरात कॉम्प्युटर असलेली कुटुंबं मोजकी होती. यंत्रावर भरतकाम केलेलं आवरण असे आणि मुलं मित्रांकडून गेमच्या फ्लॉप्या आणत. त्यांच्यातून व्हायरस येई. मग यांना बोलावणं जाई.

ते आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतली यंत्रं सांभाळत. भिंगारच्या रस्त्यावर ज्या सोसायटीत मी भाड्याने राहत होतो, तिथे त्यांना मीच प्रथम नेलं. तिथे सगळे त्यांना 'कॉम्प्युटरवाले' म्हणू लागले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी घरच्यांच्या कामाच्या फायलींची दुसरी प्रत काढायची. मग स्वतःच्या फ्लॉपीची काळी पट्टी सरकवून तिच्यावर लिहिणं बंद करायचं, म्हणजे व्हायरस तिच्यात शिरत नाही. यंत्र त्या फ्लॉपीवरून सुरू करायचं. संशयित प्रोग्रॅम सापडला तरी पुसायचा नाही. त्याच्या नावाची शेवटची तीन अक्षरं बदलायची, म्हणजे तो चालत नाही, आणि तो 'बाजूला' नावाच्या कप्प्यात ठेवायचा. आठ दिवस थांबायचं. यंत्राने कुठे तक्रार केली नाही, तरच पुसायचा.

"सरळ पुसून टाका की," सोसायटीचे अध्यक्ष म्हणत. ते निवृत्त इंजिनिअर होते.

"पुसायला काय, एक बटन हाय साहेब. पन नाव ओळखीचं न्हाई म्हंजे व्हायरसच असंल असं न्हाई."

अध्यक्षांनी एकदा ऐकलं नाही. अनोळखी नाव दिसलं म्हणून एक प्रोग्रॅम स्वतःच पुसला. तो मराठी अक्षरांचा होता. गणपतीच्या वर्गणीची सूचना छापायला घेतली, तर कागदभर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं उमटली. कॉम्प्युटरवाल्यांनी कागद उभा-आडवा धरून पाहिला. "सभासदांना शिव्या दिल्यात वाटतं," असं म्हणून ते कामाला बसले. अध्यक्षांच्या पत्नींनी त्या दिवशी चहाबरोबर चकल्याही आणल्या. दोन वर्षं त्या इमारतीत त्यांना असाच चहा मिळाला. नाव कुणी विचारलं नाही.

मग त्यांनी खोली मागितली.

त्यांची मुलगी नगरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होती. देवळाली प्रवरेहून एसटीने येई. संध्याकाळच्या क्लासला थांबली की घरी जायची गाडी चुके. बारावीपुरती तरी नगरला खोली हवी होती. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक रिकामी होती. मालक पुण्याचे. ते तयार झाले, पण सोसायटीची परवानगी लागणार होती. अध्यक्षांच्या यंत्रातला एक प्रोग्रॅम बाजूला ठेवून झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"मिळेल की. आपलीच माणसं तुम्ही," अध्यक्षांनी पेन उघडलं. "नाव काय लिहू?"

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं.

"देवळालीत कुठे राहता?"

"बुद्धविहाराच्या मागं."

अध्यक्षांनी पेनला टोपण लावलं. "मीटिंगमध्ये ठेवतो," ते म्हणाले.

आठ दिवसांनी ते ठरल्याप्रमाणे आले. मी बरोबर होतो.

"तक्रार आली का?"

"छे. उत्तम चाललंय."

ते यंत्रासमोर बसले. "आन् खोलीचं?"

"त्याचं नाही जमत हो. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण लोक असतात."

"कुनाची तक्रार आली?"

"तशी कुणाची नाही. पण उद्या आली तर?"

त्यांनी 'बाजूला'चा कप्पा उघडला. "फायलीला आठ दिवस देतो मी," ते म्हणाले. मग बाजूला ठेवलेला प्रोग्रॅम पुसला, कप्पा रिकामा झाल्याचं अध्यक्षांना दाखवलं आणि फ्लॉपी खिशात घातली. चहा आला नाही.

जिन्यात मी म्हणालो, दुसरीकडे विचारतो.

"इचारा की. फकस्त आधी माझं नाव सांगा, पत्रकारसाहेब. तेवढाच माझा एक हेलपाटा वाचंल."

मी तीन ठिकाणी नाव सांगितलं. त्यांचा हेलपाटा तिन्ही वेळा वाचला.

मुलीने बारावी एसटीतून केली. क्लास सोडला. निकाल लागल्यावर त्यांनी आमच्या कचेरीचं काम बंद केलं आणि कुटुंब घेऊन ते पिंपरीला गेले, एवढं कळलं. तळमजल्यावरची खोली मी सोसायटी सोडेपर्यंत कुलपातच होती.

ते गेल्यावर काही महिन्यांनी अध्यक्षांनी मला जिन्यात थांबवलं. नातवाने कुठून तरी फ्लॉपी आणली होती. यंत्र सुरूच होत नव्हतं.

"तुमचे ते कॉम्प्युटरवाले कुठे असतात हल्ली?" त्यांनी विचारलं. "काय हो नाव त्यांचं?"