मागच्या सीटवरचे काका

गाडी कुठलीही असो, काका आधी मागचं दार उघडायचे. टॅक्सीत आपण सगळेच मागे बसतो, ते सोडा. पण शोरूममध्ये नवीकोरी गाडी उभी आहे, सेल्समनने अदबीने पुढचं दार उघडून धरलंय, आणि हा माणूस त्याला वळसा घालून मागे जातो, पट्टा लावतो, दोन्ही हात मांडीवर ठेवतो आणि डोळे मिटून बसतो. असा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी एका हिवाळ्यात बारा शनिवार पाहिलाय.

"अंकल, ड्रायव्हिंग सीट इधर है," सेल्समन म्हणायचा.

"मालूम है. उधर ये बैठेगा," काका डोळे न उघडता सांगायचे. "मैं पब्लिक हूँ."

'ये' म्हणजे मी. माझी ओळख करून द्यायला हवी, कारण या सगळ्यातला मूर्ख मीच आहे. शारजात अल मजाजला एका टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: मी, बायको आणि मुलगी रेवा. रेवा तेव्हा बारावीत होती आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी बंगळुरूला जाणार होती. घरात असायची, पण कानात इअरफोन घालून. मी काही विचारलं तर एक इअरफोन काढायची, "ओके, बाबा" म्हणायची आणि तो परत घालायची.

त्या ऑक्टोबरात आमच्या ऑफिसने टीम-बिल्डिंगसाठी सगळ्यांना वाळवंटात नेलं आणि मला वीस मिनिटं बग्गी चालवायला मिळाली. इथे सगळे बग्गीच म्हणतात. कॅटलॉगमध्ये तिचं नाव साइड-बाय-साइड. चार दांडगी चाकं, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा, नावापुरती दारं, आणि बाइकसारखं एकामागे एक नाही, तर शेजारी-शेजारी बसायचं. दोघांची मिळते, चौघांचीही मिळते. वीस मिनिटांत माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येऊन मी जाहीर केलं की आपण बग्गी घेतोय, आणि रेवा जाईपर्यंत दर शनिवारी आपण तिघं वाळूत जाणार.

"ओके, बाबा," रेवा म्हणाली.

"केवढ्याला?" बायकोने विचारलं.

"पंच्याऐंशी हजार दिरहॅम. म्हणजे साधारण वीस लाख."

"वीस लाखांची धूळ? ती बाल्कनीत फुकट येते."

पण मी ठरवलं होतं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते इथे सांगतो. मुलगी चालली होती आणि मला ती नीट माहीत नव्हती. हाती उरलेल्या दहा महिन्यांत तिच्याशी ओळख करून घ्यायची होती. त्यासाठी सरळ तिच्याशी बोलायला सुरुवात करावी, हे मात्र मला सुचलं नाही. मला वाहन घ्यायचं सुचलं.

काका आमच्याच मजल्यावर एकटे राहायचे. मूळचे साताऱ्याचे. अबू धाबीच्या पश्चिम टोकाला, रुवैसला रिफायनरीच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचे ते सुपरवायझर होते, सत्तावीस वर्षं. कुटुंब शारजात आणि काका साडेतीनशे किलोमीटर लांब. गुरुवारी रात्री यायचे आणि शनिवारी पहाटे परत. निवृत्तीनंतर दुबईत ऊद मेथाच्या एका शाळेने त्यांना बसगाड्या सांभाळायला ठेवून घेतलं होतं. काकू मेलबर्नला मुलाकडे गेल्या होत्या, जुळी नातवंडं सांभाळायला. शुक्रवारी काका आमच्याकडे जेवायचे आणि वरणात लिंबू पिळताना चष्मा काढून ठेवायचे. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही.

गाड्यांतलं कळणारा माणूस म्हणून मी त्यांना सोबत घेतलं. ते हॉर्सपॉवर बघतील, इंजिन ऐकतील अशी माझी कल्पना. पहिल्याच शोरूममध्ये ते मागे जाऊन बसल्यावर मला लाज वाटली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, पुढे बसून बघा की. मजा पुढेच आहे."

"अरे, ड्रायव्हर कधी तक्रार करत नाही," ते म्हणाले. "त्याच्या हातात स्टिअरिंग असतं. तक्रार मागच्या बाकावर असते. रुवैसला नवी बस आली की मी चाकावरच्या सीटवर बसून तासभर फिरायचो. तिथं माणूस टिकला तर बस पास."

मला ते पटलं. म्हणजे मी मान हलवली आणि घरी येऊन एक्सेल शीट उघडली.

त्या शीटबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. अडतीस ओळी होत्या. टर्बो की साधं इंजिन, सस्पेन्शन, टायर, इंजिनाच्या पट्ट्याचा टिकाऊपणा, सगळं. एकतिसाव्या ओळीवर माझ्या ध्यानात आलं की बग्गी रस्त्यावरून नेता येत नाही, ट्रेलर लागतो. बत्तिसाव्या ओळीवर, की ट्रेलर ओढायला दणकट गाडी लागते आणि माझी गाडी सुपरमार्केटच्या चढावरही कण्हते. तेहतिसाव्या ओळीवर, की एकोणिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला खाली एकच पार्किंग आहे. दुसरा कुणी इथेच थांबला असता. मी चौतिसावी ओळ लिहिली. शिवाय तिघांच्या घराला दोघांची पुरणार नव्हतीच, पण चौघांची घेण्याचं कारण म्हणून मी रकान्यात काय लिहिलं होतं माहितेय? 'पुण्याहून कोणी आलं तर.' आपण सोफा घेतो तेव्हाही पुण्याहून येणाऱ्याच्या मापाने घेतो.

काकांनी चष्मा लावून शीट वरपासून खालपर्यंत वाचली. "छान आहे," म्हणाले. "यात रेवाचे गुडघे कुठायत?"

"गुडघे?"

"मागे तीच बसणार ना? पुढे तू आणि बायको. मग तिचे गुडघे कुठं जाणार ते बघायला नको?"

मी त्याच संध्याकाळी टेप घेऊन रेवाच्या खोलीत गेलो आणि ती फिजिक्सची गणितं सोडवत असताना तिच्या मांडीची लांबी मोजली. तिने दोन्ही इअरफोन काढले. "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?" त्या महिन्यातलं ते आमचं सर्वात मोठं संभाषण. मी शीटमध्ये एकोणचाळिसावी ओळ वाढवली आणि काकांना दाखवली. त्यांनी वरणात आणखी लिंबू पिळलं.

असे शनिवार जात राहिले. यल्ला काका, चला, म्हणत मी सकाळी त्यांची बेल वाजवायचो आणि आम्ही इंडस्ट्रियल एरियाकडे निघायचो. एक दुकान, दुसरं दुकान, मध्ये कराक चहा. दुपारी परत आलो की रेवा क्लासला गेलेली असायची. ज्या मुलीबरोबर शनिवार घालवायचे म्हणून मी बग्गी शोधत होतो, तिचे शनिवार मी बग्गी शोधण्यात घालवत होतो. तुम्हाला हे केव्हाच कळलं असेल. मला बारा शनिवार लागले.

बाराव्या शनिवारी एका विक्रेत्याने शहराबाहेर वाळूत चौघांची बग्गी चालवून बघायला दिली. हेल्मेट, छातीवरून येणारे चार पट्टे, सगळा थाट. काका अर्थातच मागे. मी ॲक्सिलरेटर दाबला. पहिल्या टेकाडावरून उतरताना मी स्टिअरिंग घट्ट धरलं, दुसऱ्यावर मी ओरडलो, तिसरं मी जरा आडवं घेतलं, विक्रेता बघत होता म्हणून. दहा मिनिटांनी थांबलो आणि हेल्मेट काढून मागे वळलो. "कशी वाटली?"

काका उतरले आणि वाळूत बसले. चेहरा पांढरा पडला होता.

"मी तीनदा थांब म्हणालो," ते म्हणाले.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. इंजिनाचा आवाज, हेल्मेट, वारा. बासष्ट वर्षांचा माणूस माझ्या पाठीमागे तीनदा ओरडला होता आणि मी स्वतःवर खूश होऊन गाडी हाणत होतो. मी घाबरलो, त्यांना पाणी दिलं, माफी मागितली. आणि मग मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "काका, इंटरकॉमवाली हेल्मेट मिळतात. मी शीटमध्ये टाकतो."

 काका हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर रेवाची बोर्डाची परीक्षा आली आणि शोधाशोध थांबली. एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी काकांनी बेल वाजवली. "उद्या सकाळी साडेसहाला खाली या. तिघंही. तासाभरासाठी बग्गी भाड्याने घेतलीय."

"भाड्याने? काका, माझी शॉर्टलिस्ट—"

"खलास तुझी शॉर्टलिस्ट. रेवाला विचारलंय मी. ती चालवणार आहे."

रेवाला विचारलंय! ही युक्ती मला सहा महिन्यांत सुचली नव्हती.

भाड्याच्या जागी सोळा वर्षांवरच्यांना कुंपणाच्या आत चालवू द्यायचे. रेवा स्टिअरिंगवर बसली. मी शेजारी बसायला निघालो, मार्गदर्शन करायला. काकांनी मला दंडाला धरून मागचं दार दाखवलं. पुढे रेवा आणि तिची आई, मागे मी, आणि काका पत्र्याच्या शेडखाली चहा घेऊन.

त्या तासाबद्दल मला एवढंच सांगता येईल की मी "ब्रेक! ब्रेक!" असं किमान चाळीस वेळा ओरडलो आणि कुणीही ऐकलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. पोरगी सावकाश चालवत होती. प्रत्येक टेकाडाच्या माथ्यावर थांबून पलीकडे काय आहे ते बघायची, आईकडे बघून काहीतरी म्हणायची, दोघी हसायच्या, मग हळूच उतरायची. ती इतकी सावध आहे हे मला माहीत नव्हतं. ती आईशी इतकं बोलते हेही नव्हतं. मी मागे हिंदकळत, दात आवळत, तिच्या हेल्मेटच्या खालून बाहेर आलेली वेणी बघत होतो, आणि मला फार आनंद झाला होता आणि फार वाईटही वाटत होतं.

उतरल्यावर तिने हेल्मेट काढलं. "बाबा, यू ओके? यू लुक ग्रीन."

मी शेडखाली जाऊन काकांजवळ बसलो. रेवा आणि तिची आई बग्गीजवळ फोटो काढत होत्या. काकांनी अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतून माझ्याकडे सरकवला.

"माझा पोरगा बारावीत होता तेव्हा मी त्याच्यासाठी गाडी बघत होतो," ते म्हणाले. "रुवैसवरून यायचो आणि शुक्रवारभर शोरूम हिंडायचो. म्हटलं, वस्तू चांगली पाहिजे. आठ महिने बघितली."

"मग?"

"मग काय. गाडी चांगली मिळाली. अकरा वर्षं चालवली मी."

"आणि तो? तो बसला का तिच्यात?"

"बसला की. एकदा. एअरपोर्टपर्यंत." काकांनी कपातला तळाचा चहा वाळूत टाकला. "मागे बसला होता, आईजवळ. मी सगळा वेळ त्याला मायलेज सांगत होतो."

मी बग्गी घेतली नाही. उकाडा अंगावर येईपर्यंत आम्हाला चार शनिवार मिळाले. चारही वेळा भाड्याची, चारही वेळा रेवा पुढे आणि मी मागे. तिसऱ्या वेळी परतताना गाडीत तिने इअरफोन घातले नाहीत. तिला बंगळुरूची भीती वाटते, हॉस्टेलमध्ये मराठी-हिंदी दोन्ही अडखळत बोलणारी ती एकटीच असेल, असं ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली. मी लगेच तीन उपाय सुचवले. बायकोने मला चिमटा काढला.

जूनमध्ये काकांचा शाळेतला करार संपला, व्हिसाही संपला. काकू मेलबर्नहून परस्पर साताऱ्याला गेल्या, काका इथून गेले. ऑगस्टमध्ये रेवा गेली. ती मला रविवारी फोन करायची, सात मिनिटं. काकांना बुधवारी करायची आणि तो फोन तासभर चालायचा, हे मला काकांकडूनच कळलं. मला हेवा वाटला, हे कबूल करतो. ते काय बोलतात असं मी एकदा काकांना विचारलं. "काही नाही रे," ते म्हणाले, "मेसच्या डाळीवर चर्चा."

पुढच्या फेब्रुवारीत, बुधवारी सकाळी अकराला, मी मीटिंगमध्ये असताना रेवाचा फोन आला. बुधवार माझा नव्हता, म्हणून मी घाबरून बाहेर आलो.

"बाबा, काका गेले."

मराठीत म्हणाली. तिने नेहमीसारखा फोन लावला होता आणि तो काकूंनी उचलला होता. रात्री झोपेतच गेले होते. मी ऑफिसच्या जिन्यात पायरीवर बसलो. रेवा रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी, श्वास अडकत.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

मला बरंच काही सुचत होतं. साताऱ्याला जायचं असेल तर बस कुठून मिळेल, सोबत कुणाला घे, आधी काहीतरी खा, काकूंना काय बोलायचं. जिभेवर येत होतं आणि मी गिळत होतो. ती मध्येच थांबायची, नाक पुसायची, काकांनी सांगितलेलं काहीबाही आठवायची, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि पुन्हा रडायची. दोन-तीन जण जिना उतरून गेले. मीटिंग संपली असावी, कारण वरून खुर्च्यांचे आवाज आले. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

मग तिचं रडणं ओसरलं.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे," मी म्हणालो.