चटका न बसणारा हात

मागच्या सोमवारची गोष्ट. जालन्यात आमच्या दवाखान्याच्या स्किन ओपीडीत नेहमीचीच गर्दी होती... खाज, नायटा, आणि मेडिकलवरून आणलेल्या क्रीमनं वाढवलेला नायटा. त्या रांगेत एक सून भाजलेली बोटं दाखवायला आली. तिला राधा म्हणू या. लिहायची परवानगी घेतलीय, नावं बदलली आहेत.

सोबत सासू, गयाबाई. राजूरच्या पुढचं गाव, घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. फोड कशानं आले असं मी विचारलं, तर सासूबाई चक्क कौतुकाला लागल्या.

"हिच्या हाताला चटकाच बसत न्हाई मॅडम. तव्यावरची भाकर बोटांनी उलटती, हातानंच शेकती. भंडाऱ्याला सगळ्या बाया हिलाच चुलीपुढं बसवतेत... रेणुकामायनं हात दिलाय हिला!"

भाकरी हातानं उलटणं आपल्याकडं कौतुकाचंच काम. माझी आईही उलटते. पण आई मध्येच बोटं फुंकते, कानाच्या पाळीला लावते. राधा कधी फुंकतच नाही म्हणे. फोड आलाय हे तिला भांडी घासताना दिसतं.

तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक हातावर टेकवत गेले. जिथं टेकेल तिथं तिनं बोट ठेवायचं, एवढंच. दंडावर तिनं बरोबर दाखवलं. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, तिथं कापूस टेकवला तरी ती डोळे मिटून वाट बघत बसली... करंगळीलाही तेच. कोपरामागची नस चाचपली, ती दोरीसारखी जाड लागली.

कुष्ठरोग. लोकांना वाटतं तो केव्हाच गेला... कुठला जातोय! बोटं अजून वाकडी झाली नव्हती, तेवढं नशीब. चट्ट्याचा छोटा तुकडा तपासणीला पाठवला आणि सासूला बाहेर बसवून राधाला शंका सांगितली. ती रडायलाच लागली.

"घरी कळलं तर मला माहेरी धाडतेल मॅडम... पोरगी ठिवून घेतेल." पोरगी अजून तिच्या कुशीत झोपते. तिला रोगापेक्षा भीती होती ती याची. पण घरच्यांची तपासणी करावीच लागते, हे तिला समजावलं. शेवटी म्हणाली, तुमीच सांगा, माझ्यानं न्हाई व्हायचं.

रिपोर्ट आला. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावून दाखवलं. पेशींनी नसेला घोळका करून वेढलं होतं, तिचा आकारही धड राहिला नव्हता. जंतू मात्र शोधून सापडले नाहीत. शरीर त्यांच्याशी जोरात भांडतं आणि त्या भांडणात स्वतःचीच नस जाते, तो हा प्रकार.

परवा तिघं आले. राधा, नवरा आणि गयाबाई. मी सांगितलं तसा नवऱ्याचा चेहरा उतरला. "मंग हिला काही दिवस माहेरी ठिवतो. पोरगी राहील माझ्या आईपाशी." राधानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी माझं नेहमीचं सुरू केलं... औषध फुकट मिळतं, गोळ्या सुरू झाल्या की आजार पसरत नाही, पूर्ण बरा होतो... त्याचं लक्ष नव्हतं. मला मनातून भयंकर राग आला होता.

तेवढ्यात गयाबाईंनी विचारलं, "पर हिला आलं कुठून हे?" म्हटलं, नक्की सांगता येत नाही, पण बहुतेक वेळा जवळ राहणाऱ्या, औषध न घेतलेल्या माणसाकडून. आजार अंगात कितीतरी वर्षं गप्प बसून राहतो.

कपाळापर्यंत ओढलेला पदर गयाबाईंनी मागं सारला. कानाच्या पाळ्या जाड, गाठाळ... भुवया बाहेरच्या बाजूनं विरळ झालेल्या.

"मला बी बघा. पायातली चप्पल गळून पडती, मला पत्ता लागत न्हाई. लई साल झाले." आणि पोराकडं वळून म्हणाल्या, "हिला माझ्याकडनंच आलं असंल. माहेरी धाडायचं तर मला धाड... पर माझं माहेर आता राह्यलं कुठं?"

पोरगा नुसता जमिनीकडं बघत होता.

गयाबाईंच्या कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन नमुना काचेवर घेतला. रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर त्यात मात्र लालभडक जंतू, जुड्याच्या जुड्या. एकच आजार, एकाच घरात, पण सुनेच्या अंगात वेगळा आणि सासूच्या अंगात वेगळा. त्यांना म्हटलं, यात तुमचा काही दोष नाही. तर म्हणाल्या, "दोष नसंल, पर गप बसले असते तर दोष लागला असता."

दोघींनी आमच्यासमोर पहिल्या गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही सांगून झालं. मग मी म्हटलं, आता घरातल्या बाकीच्यांना तपासायचंय... आणि नवरा काय बहाणा सांगतो याची वाट बघत राहिले.

त्यानं शर्टाची बटणं काढली, स्टुलावर बसला आणि डोळे मिटले. पाठीवर, हातावर कापूस टेकेल तिथं तो निमूट दाखवत गेला. चट्टा कुठंच नव्हता. शर्ट घालता घालता म्हणाला, "पोरीला बी आणतो मॅडम. हिला माहेरी न्हाई धाडत... आईबिगर राहत न्हाई ती."

निदान आम्ही केलं, संसार वाचवला तो गयाबाईंनी. मला त्या बाईचा फार फार अभिमान वाटतो... आणि ती माझी पेशंट आहे हे सांगताना तर जरा जास्तच.