भट्टीपाशी थांबलेले शब्बीरमामा

शब्बीरमामा कुणाशीही बोलताना आधी डोळे मिटून घेत. काचेच्या भट्टीत बघून बघून डोळ्यांपुढे उजेड राहायचा, तो जाईपर्यंत समोरचा माणूस दिसत नसे. शिरूरजवळच्या आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत नवीन लागले, तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला टाळतोय. मग डोळे उघडून ते म्हणाले, "कवठ्याची का तुम्ही? मी तळेगाव ढमढेऱ्याचा. बसा ताई. वाळू बघितली का कधी पाण्यावानी वाहताना?"

त्यांनी एक गडद निळी काच माझ्या हातात दिली आणि भट्टीचा छोटा झरोका उघडला. आत ज्वाळांखाली वाळू, सोडा आणि चुन्याचा पांढरा थर हळूहळू बुडत होता, आणि त्यापलीकडे नुसता तेजाचा तलाव. "वाळू लई हट्टी," मामा म्हणाले. "एकटीला वितळायला सांगा, आग पुरायची न्हाई. सोडा घातला की नरम पडती. पर नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळती. चुना घातला, तवा कुठं टिकती."

मापयंत्राकडे न बघता ते उष्णता सांगत आणि फार चुकत नसत. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला जात. मामा पुन्हा वितळवायच्या फुटक्या काचांच्या ढिगाशी बसून एका हाताने भाकरी खात आणि दुसऱ्या हाताने कपबशांचे तुकडे वेचून काढत. चिनीमातीचा एक तुकडा आत गेला तरी वितळत नाही, बाटलीत खड्यासारखा राहतो. हे काम त्यांचं नव्हतं. "घरी तरी कोण हाय वाट बघायला?" एवढंच म्हणायचे. माझ्या एखाद्या नमुन्यात बुडबुडे दिसले की मान हलवत. "कुणीतरी घाई केली. काचेत घाई दिसती, ताई."

त्यांची बायको मी येण्याच्या सहा वर्षं आधी वारली होती. एकुलती मुलगी नसीम दौंडला दिलेली. ती बापाशी बोलत नसे. कारण सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. एका रात्री वीज गेली, जनरेटर चालू होईना, भिंतींना गार ठेवणारी हवा थांबली, आणि भट्टीच्या कुशीतून तापलेली काच गळायला लागली. मामांनी पाण्याच्या फवाऱ्याने ती जागच्या जागी गोठवली. त्याच वेळी शिरूरच्या दवाखान्यात बायको शेवटच्या घटका मोजत होती. मामा पोचले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी भट्टी वाचवली आणि तीनशे माणसांची कामंही, असं आम्ही आदराने सांगायचो. ते ऐकलं की मामा उठून जात.

मी लागल्यावर चार वर्षांनी कारखाना बंद झाला. भट्टीच्या तळाचं भोक उघडून सगळी काच पाण्यात सोडली. तडतडत तिचा चुरा झाला. आठवड्याने भट्टी निवली. मामांनी जवळ जाऊन तिच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग डोळे न मिटताच मला म्हणाले, "ताई, माझ्याबरं दौंडला येता? एकटा गेलो तर पोरगी दार उघडायची न्हाई."

नसीमने दार उघडलं, पाणी दिलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी मीच म्हटलं, "अगं, त्या दिवशी मामा निघाले असते तर भट्टी..."

"थांबा ताई," मामा म्हणाले. "गळती सकाळीच थांबली व्हती. माझ्या जोडीचा सलीम म्हनला, मी बघतो, तुम्ही जावा. मी न्हाई गेलो. मला वाटलं, माझ्याबिगर कुणाला जमायचं न्हाई." त्यांनी नसीमकडे बघितलं. "तुझी अम्मी दुपारी गेली. मला येता आलं असतं, नसीम."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"मला माहीत होतं, अब्बा. सलीमचाचांनी अम्मीच्या मातीच्या दिवशीच सांगितलं होतं. मीच त्यांना म्हटलं, मला कळलंय हे अब्बांना कळू देऊ नका. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले. दहा वर्षं थांबले."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. नसीम जागची हलली नाही. तीही रडत होती, पण तिथूनच, भिंतीशी उभी राहून. मग आत गेली आणि थोड्या वेळाने परातीत पीठ चाळल्याचा आवाज आला.

मी पिशवी उचलली. मामा उठले नाहीत. पुढे अडीच वर्षांनी, त्याच घरात, ते गेले. त्या दिवशी मात्र शिरूरच्या एसटीत मी एकटीच चढले, आणि वाटेतलं न्हावरं येईपर्यंत शेजारच्या रिकाम्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही.