नाकमावशीचं कोपर

अत्तराच्या कारखान्यात तिला सगळे नाकमावशी म्हणायचे. नाक दिसायला बेताचंच, पण धाक असा, की नवा साबण लावलेला असला की मालकसुद्धा दारातच उभे. "म्हणजे बघा मावशी, बायकोने बदलला, म्हणजे बघा, मी नाही!"

दोन वासांच्या मध्ये नाक ताजं करायला मावशी उजव्या कोपराची आतली बाजू हुंगायची. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, त्यामुळे नाक पुन्हा कोरं होतं. बावीस वर्षं हेच.

यंदा एका गिऱ्हाईक बाईंना ताज्या, हिरव्या वनस्पतींचं अत्तर हवं होतं. मालक म्हणाले, "पसंत पडलं नाही तर मिश्रणाची खोली माझ्या भाच्याला, म्हणजे बघा, आणि तुम्ही लेबलं चिकटवायला."

"लेबलं भाच्यालाच शिकवून ठेवा. कामी येईल," मावशी म्हणाली.

गिऱ्हाईक बाई आल्या. कागदाची पट्टी हुंगली आणि खोकल्या. "लिंबाची साल, रोझमेरी, खाली देवदार, सगळं झकास. पण पुदिना? हे अत्तर आहे की टूथपेस्ट?"

मालकांचा चेहरा पांढराफटक. मावशीने पट्टी हुंगली. पुदिना बेताचाच! सवयीने कोपर हुंगलं, आणि तिथेच थबकली. दुखऱ्या कोपराला चार दिवस यजमान रोज सकाळी पुदिन्याचा बाम चोळत होते, तेही मनापासून. नाक पुदिन्याला बधिर झालं होतं, म्हणून ती थेंबावर थेंब घालत सुटली होती.

"कोपराला बाम आहे. चूक माझी," ती सरळ म्हणाली.

"मला वाटलं, म्हणजे बघा, अत्तराचाच वास!" मालक पुटपुटले.

मावशीने कपाटातून अत्तराचा बिनपुदिन्याचा राखून ठेवलेला भाग काढला. "बाई, माझं नाक आज पुदिन्यापुरतं रजेवर आहे. तुमचं द्या जरा. बाकीचं मी बघते."

एक थेंब. नवी पट्टी. "कमी."

दुसरा. "अजून."

तिसरा. बाईंनी डोळे मिटले. "थांबा! ओल्या पानांत हात घातल्यासारखं वाटतंय."

"आता पट्टी वाळू द्या. देवदाराचा वास सावकाश येतो."

अर्ध्या तासाने बाईंनी पट्टी हुंगली, मग स्वतःचं कोपर, मग पुन्हा पट्टी. "हेच."

मालक जिन्याकडे धावले. "भाच्या, लेबलं काढ रे! म्हणजे बघ, तुलाच चिकटवायची आहेत!"

घरी यजमान बामची डबी घेऊन तयारच होते. मावशीने त्यांच्यापुढे डावं कोपर केलं.

"अगं, दुखतंय उजवं ना?"

"दुखू दे. ते कारखान्याचं आहे."