तीन जागांचा खेळ

“खेळ तोच हाय,” असं मला दोघांनी ऐकवलं. दादाने फक्त मोठ्या मशीनवर खेळून पाहिलं होतं, आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, कशावरच नाही. तरी दोघांचा निकाल ठाम होता, आणि तो माझ्यासाठी होता.

मी तेव्हा बारावीत होते. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. स्टेशन रोडला एका लॉजच्या खालच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं होतं. आत कपाटाएवढी मशीन. दादा रोज संध्याकाळी तिथं जायचा आणि जेवताना सगळं सांगायचा. वरून शत्रूची यानं रांगेनं खाली उतरतात. खाली आपली तोफ. दांडा धरून ती डावी-उजवीकडे पळवायची आणि बटण दाबून यानं पाडायची. जितकी यानं कमी, तितकी उरलेली जोरात धावतात, आणि मशीनचा आवाज असा वाढत जातो की छातीत धडधडतं. हे सांगताना त्याचा घास हातातच राहायचा.

“मी बी येतो उद्या,” मी म्हटलं.

“तिथं पोरी येत न्हाईत.”

“येत न्हाईत का येऊ देत न्हाईत?”

“जेव की गप.”

त्याच महिन्यात आखातात नोकरीला असलेला मामा सुट्टीवर आला. त्यानं तळहातावर मावणारा एक गेम आणला. खोक्यावर यानांच्या रांगा, तारे, आगीचे लोळ असं झकास चित्र होतं. आबांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “घे. आता त्या पार्लरात कशाला जायाचं? खेळ तोच हाय.”

मी तो पंधरा-वीस दिवस मन लावून खेळले, म्हणून सांगते. खोक्यावरचं चित्र धडधडीत खोटं होतं. आतल्या काचेवर तीन उभ्या ओळी, आणि यान त्या ओळींतूनच उतरणार. ते सरकत नाही. इथं विझतं आणि खाली दिसतं. काच उन्हात तिरकी धरली की सगळ्या यानांच्या फिक्या सावल्या एकदम दिसायच्या. कोण कुठं येणार, कुठं मरणार, सगळं आधीच छापून ठेवलेलं. माझ्या तोफेलाही उभं राहायला तीनच जागा. दोन जागांच्या मध्ये मी असूच शकत नव्हते. आवाज म्हणाल तर घड्याळाच्या गजरासारखी टिकटिक, आणि तीही आई झोपली असली की बंद ठेवायची. सगळ्यात संताप यायचा तो याचा, की मी कितीही गुण मिळवले तरी बघायला कुणी नव्हतं. दादाच्या खांद्यामागे दहाजण उभे असायचे. माझ्या मागे भिंत होती.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आबांची छपाईची ट्रेडल मशीन होती. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून घर चालायचं आणि उरलेल्या वेळात आबा चळवळीची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. समता हा शब्द मला शाळेआधी वाचता येत होता. त्या आठवड्यात एका गावाबद्दलचं पत्रक चालू होतं. दलितांना गावच्या विहिरीवर येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून पुढाऱ्यांनी त्यांच्या वस्तीत वेगळा नळ काढून दिला होता आणि वर विचारत होते, पाणी तेच आहे, मग तक्रार कसली? आबांनी फार चांगलं लिहिलं होतं. पाणी तेच आहे तर ते एका ठिकाणी का पिता येत नाही, असा त्यांचा सवाल होता. प्रुफं मी तपासत होते.

तो कागद मी आबांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यावर तो गेम ठेवला.

आबांनी मान वर केली. “त्या लोकांच्या हालाची नि ह्याची बरोबरी करतीस?”

“हालाची करत न्हाई. तुमच्या मुद्द्याची करतो. आणि हितं तर पाणी बी तेच न्हाई, आबा. खेळून बघा की.”

त्यांनी गेम हातात घेतला नाही. कागद मात्र पुन्हा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “चल. मी येतो संगं.”

मला त्याचाही राग आला. दादाबरोबर कोण जात होतं? पण गेले.

पार्लरात अंधार होता आणि आम्ही आत गेल्याबरोबर एकजण ओरडला, “पावणं, दार लावा की. काचंवर उजेड पडतोय.” आबांनी घाईनं दार लावलं. दादा रांगेत होता. त्यानं मला पाहिलं आणि शेजारच्या मशीनकडे तोंड फिरवलं.

मालकानं आबांना ओळखलं. “या साहेब, या. ए, उठा रं सगळी. जरा भाईर थांबा. ताईस्नी खेळू दे निवांत.”

पोरं कुरकुरत निघाली. आबांचा चेहरा खुलला; आपण काहीतरी मिळवून दिलं असं त्यांना वाटलं असावं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. रिकामा गाळा, बंद दार आणि मी एकटी. हे तर माझ्या घरी होतंच.

“कुणी भाईर जाऊ नका,” मी म्हटलं. “नंबर कसा लावायचा, तेवढं सांगा.”

मोठ्या मशीनवर उचगावहून सायकलवर येणारा, लेथवर काम करणारा एक तरुण खेळत होता. त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. “काचंच्या कडंला नाणं ठेवायचं. म्होरं तिघं हाईत.”

मी नाणं ठेवलं. मालकानं आबांना खुर्ची दिली. तिघं खेळले, त्यात दादाही. मग मी दांडा धरला आणि मिनिटभरात मेले. माझा हात एका टोकाला जायचा, मध्यावर यायचा, दुसऱ्या टोकाला जायचा आणि तिथंच थबकायचा. यानं मधल्या मोकळ्या जागांतून सरळ खाली आली.

पोरं हसली. लेथवाला म्हणाला, “तीन ठिकाणीच थांबतीस की. मधी कोण उभारायचं, तुजा भाऊ?”

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याही झाल्या असतील. माझ्या हाताला ते वळण कुणी लावलं हे मला ठाऊक होतं, आणि ते इथं कुणाला सांगत बसणार?

आबा उठले. “झालं न्हवं खेळून? चल, आई वाट बघत असंल.”

“न्हाई,” मी म्हटलं आणि दुसरं नाणं रांगेच्या शेवटी ठेवलं. “तुमी जावा. दादाला कोण न्यायला येतंय रोज?”

लेथवाल्यानं माझं नाणं बोटानं थोडं आत सरकवलं, पडू नये म्हणून, आणि आपला नंबर आला म्हणून खेळायला लागला. आबा निघाले, आणि जाताना काचेवर उजेड पडू नये म्हणून त्यांनी दार नीट लावून घेतलं.