सहाणेवरचे ओले गंध

सेवेत हाताळलेल्या बहुतेक प्रकरणांचे कागद यथाकाल अभिलेख कक्षात गेले, आणि ती प्रकरणे माझ्या मनातूनही गेली. एक मात्र गेले नाही. आजही सकाळी पूजेला बसून चंदनाचे खोड सहाणेवर टेकवले की राजगडाच्या पायथ्याची ती वाडी समोर येते आणि ईश्वराचे आभार मानावेसे वाटतात. त्या दिवशी एका निरपराध माणसाच्या आयुष्याला कायमचा डाग लागायचा होता, तो लागला नाही.

त्या काळी वेल्हे भागातील एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. भातकापणी उरकली होती, खळी मोकळी झाली होती आणि चंपाषष्ठी तोंडावर आली होती. सकाळची हजेरी घेऊन मी ठाणे दैनंदिनीवर सही करीत होतो, तेवढ्यात पालीच्या पलीकडील एका वाडीच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"सायेब, गाडी घिऊन लगोलग या. देवचोर घावलाय. मानसं लई तापल्यात, म्या एकटा कुठवर आवरू?"

प्रकरण मला ठाऊक होते. काही दिवसांपूर्वी त्याच वाडीतील एका शेतकरी कुटुंबातील धाकट्या भावाने फिर्याद दिली होती. घरातील देवांचे टाक नाहीसे झाले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवून घडवलेली देवाची लहान प्रतिमा. खंडोबा, भैरवनाथ, भवानी आणि घोड्यावर बसलेला घराण्याचा वीर असे ते पिढीजात टाक होते. बीट हवालदारांनी पंचनामा केला होता. कुलूप तुटलेले नव्हते, कौल हललेले नव्हते. देव्हाऱ्यातील पितळी घंटा, समया, तांब्याची भांडी, सारे जागेवर होते. गेले होते ते फक्त टाक.

आम्ही पोहोचलो तेव्हा वाडीच्या देवळाच्या पायरीवर एक प्रौढ गृहस्थ बसले होते. सदऱ्याची बाही फाटलेली, चष्मा वाकलेला, आणि छातीशी कापडी पिशवी घट्ट धरलेली. धाकट्या भावाने त्यांची गचांडी सोडली ती मला पाहिल्यावर.

"ह्योच त्यो!" तो ओरडला. "गेल्या वर्षी घरात बसून फोटू काढले, भाकर खाल्ली, आन् आता देवच उचलले!"

पिशवीत एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचे पुस्तक होते. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांसाठी ते लिहिलेले होते. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, टाक. प्रत्येक वस्तू कोणी घडवली, कशी घडवली, कोणत्या घरात कशासाठी वापरली, असा त्यात इतिहास होता. हे गृहस्थ त्याचे लेखक. टाकांवरील प्रकरणात याच घरच्या देवांची छायाचित्रे पानभर छापलेली होती. पुस्तकाची प्रत त्या घरी भेट द्यावी, म्हणून ते एसटीने आले होते.

लोकांच्या तावडीतून त्यांना काढून मी ठाण्यात आणले. चहा दिला, मग प्रश्न सुरू केले.

"आपण टाक विकत घेता?"

"नाही. मी त्यांच्यावर लिहितो. विकत घेणारे माझी पुस्तके वाचतात, हे मात्र खरे."

"म्हणजे अशा वस्तू हव्या असलेली माणसे आपल्या ओळखीची आहेत."

"पुष्कळ आहेत." त्यांनी हे लपवले नाही.

"या घरचे टाक दुर्मिळ आहेत, असे आपणच लिहिले आहे."

"एकाच कारागिराच्या हातचा संपूर्ण संच क्वचित सापडतो. तो फुटला की त्याचा इतिहास फुटतो. लिहिले ते एवढेच. साहेब, देव मी नेले असते, तर पुस्तक द्यायला परत आलो असतो का?"

कोपऱ्यात उभे असलेले बीट हवालदार म्हणाले, "पावनं, चोर जागेवर परत येतोच. फकस्त भेटवस्तू घिऊन येनारा आमी पयल्यांदा बघतोय."

लेखकांना हसू आले नाही. ते म्हणाले, "कोठडीची भीती वाटत नाही असे म्हणणार नाही. पण खरी भीती निराळी आहे. आयुष्यभर मी परक्यांच्या देव्हाऱ्यापुढे बसून लिहीत आलो. देव चोरल्याच्या संशयावरून मला अटक झाली एवढे जरी पसरले, तरी या मावळात माझ्यासाठी कुणी देव्हारा उघडणार नाही. पुढे मी निर्दोष सुटलो, तरी नाही."

मी पुस्तक चाळले. छायाचित्रे होती, वर्णन होते, परंतु कुटुंबाचे नाव वा गावाचे नाव कोठेही नव्हते. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "वाचणारा दारात जाऊन उभा राहू नये म्हणून."

हे उत्तर मला प्रामाणिक वाटले. तथापि तपास वाटण्यावर चालत नाही. देव कोठे असतात हे त्यांनी पाहिलेले होते, त्यांचे मोल त्यांना ठाऊक होते, घेणारे ओळखीचे होते. बाहेर वाडीतील मंडळी टेम्पो भरून आली होती आणि अटक झाल्याशिवाय हलणार नाही म्हणत होती. संध्याकाळपर्यंत मला निर्णय घेणे भाग होते.

मी थोरल्या भावाला आत बोलावले. मितभाषी माणूस. प्रत्येक प्रश्नाला आधी जमिनीकडे पाहायचा.

"घरात काही भांडण?"

"भांडान न्हाई, सायेब. वाटनीचं बोलनं."

थोडे थोडे करून कळले ते असे. धाकट्याने भोरजवळ उत्रोलीत घर बांधले होते. आपल्याकडील रीत अशी, की वेगळे होताना जुने देव थोरल्या घरी राहतात आणि धाकटा नवे टाक घडवून, जुन्यांशी भेटवून आपल्या घरी नेतो. परंतु पुस्तकाचे ते पान लेखकांनी मोठ्या आनंदाने मोबाईलवर धाडले, आणि आपले देव पुस्तकात छापून येण्याइतके जुने आहेत हे कळताच धाकटा हटून बसला. जुन्यांतलेच दोन टाक वाटणीत हवेत, म्हणू लागला. पुढे आठवडाभरात देव्हारा रिकामा दिसला. प्रथम त्याने भावावर संशय घेतला, आणि लेखक समोर येताच तो संशय त्यांच्यावर वळवला.

दुपारी दोघा भावांना, हवालदारांना आणि एका महिला अंमलदारांना बरोबर घेऊन मी पुन्हा वाडीत, त्यांच्या घरी गेलो. थोरल्याच्या पत्नीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पन्नाशीच्या बाई, चेहरा उपासाने ओढलेला. अंगणात नळ वाहत होता, तरी त्यांच्या लुगड्याचा काठ घोट्याच्या वरपर्यंत भिजलेला होता आणि त्याला शेवाळ लागले होते. ते मी मनात टिपून ठेवले.

पादत्राणे काढून मी देव्हाऱ्यापुढे बसलो. देव नव्हते. परंतु नंदादीप तेवत होता. वातीवर काजळी नव्हती. निर्माल्य काढलेले होते. आणि बाजूला सहाण होती, तिच्यावर चंदनाचे गंध उगाळलेले. मी बोट लावले. गंध ओले होते; सकाळच्या गोंधळामुळे ते आज उशिरा, नुकतेच उगाळलेले असावे.

ज्या घरातून देव चोरीस गेले, तेथील देव्हारा मी पूर्वीही पाहिला आहे. तेथे उजाड वाटते. सवयीने दिवा लावणारे लावतील. गंध मात्र कुणी उगाळत नाही. लहानपणी मी वेदपाठशाळेत जात असे, तेथे शिकवले होते, की आधी आवाहन, मग आसन, मग स्नान आणि त्यानंतर गंध. उपचार उपस्थित देवतेलाच करायचा असतो. मग या बाई रोज गंध लावीत होत्या ते कोणाला? आणि दारात नळ असताना शेवाळलेल्या पाण्यात कशासाठी उतरत होत्या?

पुरुष मंडळींना मी अंगणात थांबायला सांगितले. महिला अंमलदार दाराशी उभ्या राहिल्या. देव कोठे आहेत, हे मी विचारलेच नाही.

"माउली," मी म्हणालो, "देवांचं पाणी रोज बदलता ना?"

बाई खांबाला धरून खाली बसल्या. पदर तोंडाशी गेला.

"व्हय सायेब. रोज. झऱ्याचंच घालते, नळाचं न्हाई."

मनातली गोष्ट घडून येईपर्यंत देव पाण्यात ठेवण्याचा नवस आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. देव फुटू नयेत, भाऊ फुटू नयेत, एवढ्यासाठी त्यांनी तो केला होता. देव्हाऱ्यातच पाण्यात ठेवले असते तर कुणीतरी काढले असते, म्हणून झऱ्यावर नेले. त्या वेळी आपल्या हातून चोरीचा गुन्हा उभा राहील, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

"मग फिर्याद झाली, तेव्हा का नाही बोललात?"

"नवस मुक्यानं पाळायचा असतो, बोलले असते तर मोडला असता. आताबी म्या न्हाई बोलले, तुमीच म्हनलात." मग एकदम घाबरून त्यांनी विचारले, "त्या पुस्तकवाल्या दादांना मारलं न्हाई ना कुनी? सकाळपासनं पान्याचा थेंब उतरला न्हाई माझ्या घशाखाली."

"सुखरूप आहेत," मी म्हणालो, आणि माझ्याही छातीवरचे ओझे तेव्हाच उतरले.

झरा वाडीच्या वरच्या अंगाला, उंबराच्या मुळाशी होता. दगडी चीप बाजूला केली तो आत तांब्याचा हंडा, वर धुतलेले फडके, आणि स्वच्छ पाण्यात बेलाच्या पानांखाली सारे देव. ठाण्यातल्या पुस्तकाच्या पानावर होते त्याच क्रमाने मांडलेले. हवालदारांनी मुद्देमाल म्हणून हात पुढे केला, तर बाई आडव्या आल्या.

"थांबा. हात लावू नगा. नवस फिटला न्हाई."

"अवो वैनी, पंचनामा करायचाय."

"करा की. पान्यात हाईत, तसंच ल्ह्या."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. देव पाण्यात असतानाच पंचनामा लिहिला गेला. सेवेत मी तसा दुसरा पाहिला नाही.

धाकटा एका दगडावर बसून होता. तेथूनच म्हणाला, "वैनी, मला एका शब्दानं तरी सांगायचं व्हतं."

"सांगितलं न्हवं? देव फोडू नगा म्हनून चुलीपुढं बसून सांगितलं, भावजी. तुमी मोबाईलमधला फोटू बघत व्हता."

डोक्यावर पागोटे नव्हते, तरी ते सावरावे तसा धाकट्याने डोक्यावरून हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या देव हितंच," तो म्हणाला. "म्या नवं घडवून घेतो. ह्यांना भेटवून न्हेतो."

थोरला जमिनीकडे पाहत होता. "चंपाषष्ठीला लवकर ये," तो एवढेच म्हणाला. "तळी उचलायला तू लागतोस."

तेव्हा बाई पाण्यात उतरल्या आणि एकेक देव बाहेर काढून पदराने टिपू लागल्या.

ठाण्यात परतल्यावर सारा वृत्तान्त मी लेखकांना सांगितला. त्यांनी स्वतःविषयी काही विचारले नाही. म्हणाले, "भवानीच्या टाकाची कड आधीच चिरलेली होती. जपून काढला ना?" संशयाचा जो कण माझ्या मनात उरला असेल, तो या प्रश्नाने नाहीसा झाला. मारहाणीची तक्रार देण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे मी त्यांना समजावले. त्यांनी नकार दिला. फिर्याद गैरसमजुतीतून दिली गेल्याचा क-समरी अहवाल आम्ही न्यायालयास पाठवला, आणि तो मान्य झाला.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. घटनास्थळी काय नाहीसे झाले, ते सगळेच पाहतात. मी त्यानंतर आधी हे पाहू लागलो, की त्या घरात अजून काय चालू आहे. माणूस तोंड बंद ठेवू शकतो. परंतु ज्याच्यावर त्याची श्रद्धा आहे, त्याची सेवा त्याला थांबवता येत नाही. पुस्तकांवर मी रोष धरला नाही. वस्तूचा इतिहास लिहिणे हे पुण्यकर्मच आहे. फक्त त्या इतिहासात कालच्या सकाळची पूजाही येते, आणि ती छायाचित्रात उतरत नाही.

आणखी एक गोष्ट हवालदारांनी मला नंतर सांगितली. पौषात थोरला भाऊ त्या लेखकांना आपल्या बहिणीच्या सासरी, भाटघरकडच्या एका गावी, स्वतः घेऊन गेला. तेथील मंडळी अनोळखी माणूस पाहून बिचकली आणि माजघराचे दार लावू लागली. एरवी जमिनीकडे पाहणारा हा माणूस उंबऱ्यावर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "उघडा दार. देव दावा ह्यांना. आमच्या घरचं मानूस हाय."

दार उघडले.